आबांना डोळ्यांच्या औषधाच्या अभ्यासात घ्यायचं म्हणतात, पण त्यांचे ठोके अनियमित आहेत. सही करावी का?

शाहूपुरी_चौथी_गल्ली · सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आमचे आबा ७१ वर्षांचे. गुळाच्या अडतीत दिवाणजी म्हणून चाळीस वर्षं काढली. सहा वर्षांपासून दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, सकाळ-संध्याकाळ थेंब चालू. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधड व्हायला लागली म्हणून ईसीजी काढला, तर एट्रियल फिब्रिलेशन निघालं. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि ठोक्यांना ताळतंत्र राहत नाही. त्यासाठी मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करायची गोळी. डोळ्यांचे डॉक्टर एक, हृदयाचे दुसरे, फायली पण दोन.

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं की काचबिंदूच्या एका नव्या थेंबाचा अभ्यास चालू आहे, आबांना घेऊ का? तपासण्या आणि औषध फुकट, सहा महिन्यांत सात वेळा यायचं. २२ पानांचं मराठी संमतीपत्र हातात दिलं आणि घरी नेऊन वाचा म्हणाले.

आई म्हणते, "प्रयोग करायला आमचाच माणूस घावला काय?" आबा म्हणतात, "कुणीतरी आधी घेतलं म्हणून तर मला आज औषध मिळतंय." मी मधल्या मधे. त्यात पान ९ वर एक वाक्य आहे: 'हृदयाचे ठोके मंद किंवा अनियमित असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.' डोळ्यात घालायच्या थेंबाचा हृदयाशी काय संबंध? कुणाला अनुभव असेल तर सांगा. हल्ली आबा जिना चढताना मधे थांबतात, पण ते वयाचं असेल.

आडवा_प्रश्न · सोमवार, रात्री १०.४१

सही करू नका. फुकट म्हटलं की मी आधी दार लावून घेतो.

तांबडा_पांढरा · सोमवार, रात्री १०.५५

काचबिंदू असून आबा २२ पानं वाचायला बसले! आम्ही लग्नाची पत्रिकासुद्धा अर्धी वाचतो. मानलं आबांना.

औषधदुकान_लक्ष्मीपुरी · सोमवार, रात्री ११.०५

अभ्यासाचं नंतर बघू. आबा सहा वर्षं कुठले थेंब घालतात? बाटलीवरचं नाव इथं टाका.

भूलवाला_डॉक्टर · मंगळवार, सकाळी ६.५०

डोळ्याचा आणि हृदयाचा काय संबंध, हे मी माझ्या कामात डोळ्यांनी बघतो आणि कानांनी ऐकतो. मी भूलतज्ज्ञ. लहान मुलांच्या तिरळेपणाच्या ऑपरेशनला डोळा फिरवणारा स्नायू सर्जन हुकानं ओढतात. कधीकधी त्या क्षणी मॉनिटरची टिक-टिक एकदम लांबते. ११० वरची नाडी ६० वर येते. मी म्हणतो, "सर, सोडा." ते हूक सैल करतात, दोन-तीन सेकंदांत ठोके परत जागेवर. मग थोडं थांबून पुन्हा सुरू. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस आणि मेंदूकडून हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नस, यांची आत गाठभेट होते. अश्नर आणि डाग्निनी या दोघांनी १९०८ मध्ये हे स्वतंत्रपणे नोंदवलं होतं. हृदय फार जोरात पळायला लागलं तर पूर्वी डोळे दाबायला सांगायचे, ते याच कारणानं. घरी कुणी करू नका, डोळ्याच्या पडद्याला इजा होते.

आबांच्या बाबतीत मात्र या नसांपेक्षा थेंबाचाच संशय येतो. लक्ष्मीपुरीकरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

शाहूपुरी_चौथी_गल्ली · मंगळवार, सकाळी ७.३०

बाटली बघितली. टिमोलॉल ०.५ टक्के. दिवसातून दोनदा.

औषधदुकान_लक्ष्मीपुरी · मंगळवार, सकाळी ७.५८

मला तीच शंका होती.

दादा, टिमोलॉल आणि मेटोप्रोलॉल एकाच घराण्यातली औषधं आहेत, दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारी. एक डोळ्यातून जातं, एक पोटातून, एवढाच फरक. टिमोलॉल १९७८ पासून काचबिंदूला वापरतात. चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, लाखो लोकांची नजर त्यानं टिकली. पण थेंब डोळ्यातच राहतो हा आपला समज. आबांना विचारा, थेंब घातल्यावर घशात कडवट लागतं का? नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं, तिथून अश्रू नाकात उतरतात. त्याच वाटेनं थेंबही उतरतो आणि नाकाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात जातो. गोळी आधी यकृतातून जाते, तिथं तिचा बराच जोर कमी होतो. थेंबाला ती चाळणी लागतच नाही. म्हणून काहींची नाडी मंदावते, दमा असणाऱ्यांना धाप लागते.

वरून मेटोप्रोलॉल चालू. आज एक करा. आबांना पाच मिनिटं शांत बसवा, मनगटावर तीन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, त्यांचे ठोके अनियमित आहेत, हिशोब चुकेल. बीपीच्या मशीनवरचा आकडाही या आजारात दगा देतो. आणि काहीही निघालं तरी मनानं कुठलंच औषध बंद करू नका. थेंब अचानक सोडले तर डोळ्याचं प्रेशर चढेल, मेटोप्रोलॉल अचानक सोडलं तर ठोके उधळतील.

गुऱ्हाळघर · मंगळवार, दुपारी १.१५

मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी. डॉक्टरकीतलं मला काय कळत नाही, पण अभ्यासाबद्दल बोलायचा हक्क आहे माझा.

उसाचा पाला काढताना पातं डाव्या डोळ्याला लागलं. उसाचं पातं म्हणजे करवतच. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, पाणी, उजेड सहन होईना. एका दुकानातनं थेंब आणले, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. नंतर कळलं त्यात स्टेरॉइड होतं. मोठ्या डॉक्टरांनी बुबुळ भूल देऊन खरवडलं, काचेवर घेऊन बघितलं आणि म्हणाले, बुरशी आहे. स्टेरॉइडनं बुरशीला खत मिळालं.

मग नटामायसिन. दुधासारखं पांढरं औषध, बाटली हलवून घालायची. तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा. बायको गजर लावून उठायची. मी डॉक्टरांना म्हटलं, याच्यापेक्षा भारी, नवं काय असंल तर द्या, पैशाचं बघतो. ते म्हणाले, नवं व्होरिकोनाझोल आहे, पण या रोगात जुनंच सरस आहे, आणि हे मी मनानं सांगत नाही. मदुराईच्या अरविंद रुग्णालयानं ३२३ रुग्णांवर दोन्ही औषधं ताडून बघितली, २०१३ मध्ये निकाल छापून आला. नटामायसिनवाल्यांची नजर जास्त चांगली राहिली, बुबुळाला भोक पडायचं प्रमाणही कमी. त्या ३२३ जणांत बरेचसे आपल्यासारखेच रानात राबणारे असतील. त्यांनी सही केली नसती तर माझा डोळा कुठल्या औषधावर सोडला असता? फूल पडलंय बारीक, पण गाडी चालवतो.

आईंना सांगा, प्रयोग कुणाच्या तरी माणसावर होतोच.

आडवा_प्रश्न · मंगळवार, दुपारी २.३०

गुऱ्हाळघर, तुमचा डोळा वाचला याचा मनापासून आनंद आहे. पण तुम्ही ज्याचा दाखला देताय त्यात दोन्ही औषधं ठाऊक असलेली होती. मी बोलतोय ते नव्या औषधाबद्दल, आणि सही कशी घेतली जाते त्याबद्दल. तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्ममला मुलींवर एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला, २०१० मध्ये सरकारला तो थांबवावा लागला. संसदेच्या समितीनं २०१३ च्या अहवालात लिहिलंय की कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. बापाला ठाऊक नाही आणि मुलीला सुई. हे विसरून मला संशोधनाचं कौतुक करता येत नाही.

फाईलवाली · मंगळवार, रात्री ९.१०

आडवा_प्रश्न, खम्ममचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकानं ते पाठ ठेवायला हवं. मी अकरा वर्षं क्लिनिकल ट्रायलची समन्वयक होते, आता कोल्हापुरात परत आलेय. संमतीपत्र समजावणं हेच माझं काम होतं, म्हणून शाहूपुरीकरांना मुद्द्याचं सांगते.

पहिलं म्हणजे संमतीपत्रावर सीटीआरआय क्रमांक शोधा. ही भारतातल्या सगळ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून. कुणीही घरबसल्या, फुकट बघू शकतं. एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. नोंदीत लिहिलेलं असतं की कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, आणि कशाशी तुलना आहे. तो तुलनेचा भाग दोनदा वाचा.

एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर संमतीपत्रावर असायलाच हवा. त्या कमिटीत कमीत कमी सात जण लागतात. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य माणूस, एक तरी बाई. निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे. मी असंख्य रुग्णांना तो नंबर दाखवला, फोन फार थोड्यांनी केला. तुम्ही करा. तो तुमच्यासाठीच आहे.

अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता, आणि त्यामुळं नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. अभ्यासामुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई, २०१९ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. सही केलेल्या पत्राची एक प्रत घरी न्यायचीच.

माझ्या नोकरीत एक आजी होत्या, अंगठा देणाऱ्या. नियमानं बाहेरचा साक्षीदार बसवून मी पाऊण तास वाचून दाखवलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बाळ, तू वाचलंस छान, आता मी काय समजले ते तुला सांगते, चुकलं तर थांबव." त्यानंतर मी प्रत्येक रुग्णाला तेच करायला लावलं. आबांनाही लावा.

आडवा_प्रश्न · मंगळवार, रात्री ९.३४

ही माहिती मला नव्हती. निम्मे सभासद बाहेरचे हे विशेष. माझी शंका कायम आहे, पण 'सही करू नका' हे मागे घेतो. 'वाचून करा' म्हणतो.

भूलवाला_डॉक्टर · बुधवार, सकाळी ६.३५

खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीचा गट कशाला, नवं औषध सगळ्यांनाच का देत नाहीत, असं घरोघरी विचारतात. त्याला ठोक्यांच्या आजारातलाच दाखला आहे आणि तो प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला सांगायला हवा.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयात अधूनमधून जादा ठोके पडतात. ज्यांना ते जास्त पडतात, ते अचानक दगावण्याची शक्यताही जास्त. मग डॉक्टरांनी सरळ विचार केला की ठोके दाबले की माणूस वाचेल. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं ईसीजीवरचे जादा ठोके झकास दाबायची, पट्टी बघून समाधान वाटायचं. लोक ती लिहूनही देत होते. मग अमेरिकेत कास्ट नावाचा अभ्यास झाला, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना खोटी गोळी. खोटी गोळी देणं म्हणजे रुग्णाशी क्रूरपणा, असं त्या वेळी काही डॉक्टरांना वाटत होतं.

१९८९ मध्ये या औषधांचा भाग मधेच थांबवला. १९९१ च्या अहवालातले आकडे मला तोंडपाठ आहेत. औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ गेले, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. जादा ठोके थांबले आणि माणसं जास्त मेली. पट्टी सुधारत होती, रुग्ण नाही. खोट्या गोळीचा गट नसता तर गेलेला प्रत्येक माणूस 'हृदयविकारच होता, त्यानं गेला' म्हणून नोंदवला गेला असता. ते ध्यानात ठेवून फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण ज्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा नाही अशांनाच.

गडहिंग्लजचे_मास्तर · बुधवार, सकाळी १०.००

डॉक्टरसाहेब, हे वाचून मी दोन वेळा उठून पाणी प्यायलो.

आमच्या घरचं सांगतो. सौ.ना लहानपणी सांधेताप आला होता, त्यात हृदयाची झडप आकसली. आता तिलाही आबांसारखीच थरथर आहे. रक्त पातळ करायला जुनी गोळी, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं त्याची तपासणी, मेथी-पालक आज भरपूर आणि उद्या अजिबात नाही असं चालत नाही. तपासणी नको, पथ्य नको, अशी नवी गोळी आलीय हे कळल्यावर मी हट्टच धरला. आमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी नकार दिला. म्हणाले, मास्तर, तुमच्या बाईंसारख्याच, सांधेतापानं झडप बिघडून थरथर असलेल्या साडेचार हजार माणसांवर २४ देशांत अभ्यास झाला, भारतातलेही होते. २०२२ मध्ये निकाल लागला. जुनी गोळी घेणारे कमी दगावले. मलाही उलट वाटत होतं, पण निकाल हा आहे.

आता दर महिन्याला रक्त द्यायला जाताना मी कुरकुर करत नाही. झडपेचा आजार नसेल तर नवी गोळी चांगली चालते म्हणे, आबांना तीच असेल.

तांबडा_पांढरा · बुधवार, सकाळी १०.२०

मास्तर, मेथीच्या पथ्याचं कळलं. तांबड्या रश्श्याबद्दल काय निकाल लागलाय का? जीव टांगणीला आहे.

गडहिंग्लजचे_मास्तर · बुधवार, सकाळी १०.२६

वाटीभर चालतो. तुझी वाटी केवढी ते आधी सांग.

औषधदुकान_लक्ष्मीपुरी · बुधवार, रात्री ८.४५

आबा गुळातले म्हणून आठवलं. आमचं एक गिऱ्हाईक गुळाचे जुने व्यापारी. सौद्याला ढेप फोडून रंगावरून प्रत सांगणारा माणूस. एकदा दुकानात येऊन म्हणाले, यंदा सगळाच माल सोनेरी उतरलाय, मुलगा म्हणतो निम्मा काळपट आहे, पोराला नजरच नाही. बोलता बोलता म्हणाले की जेवण जात नाही, मळमळतं. माझं लक्ष त्यांच्या चिठ्ठीवर गेलं, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू होतं. त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तात औषध वाढलं होतं. डिगॉक्सिन जास्त झालं की जग पिवळं दिसतं. हे औषध ज्या फुलझाडातून आलं त्याच्यावर विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात या पिवळ्या-हिरव्या दिसण्याची नोंद आहे. डोस कमी केला, पंधरा दिवसांत गूळ काळपट दिसायला लागला. पोराची माफी मागितली त्यांनी.

डोळ्याचं औषध हृदयाला लागतं, तसं हृदयाचं डोळ्याला. अमिओडारोन हे ठोक्यांवरचं औषध दीर्घकाळ घेणाऱ्या बहुतेकांच्या बुबुळावर भोवऱ्यासारख्या बारीक रेषा उमटतात, सहसा नजरेला त्रास होत नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना ते सांगावं लागतं. सगळ्या गोळ्या आणि थेंब एका कागदावर लिहून तो कागद दोन्हीकडे दाखवायचा.

रंकाळ्याची_संध्याकाळ · बुधवार, रात्री ९.३०

माझ्या सासूबाईंना आयव्हाब्रेडिन सुरू केलं होतं, नाडी फार जलद होती म्हणून. संधीप्रकाशात दिवा लावला की त्यांना कडेला लखलख दिसायची. महिनाभर कुणाला बोलल्या नाहीत, भ्रम झाला म्हणतील म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदयाची गती ठरवणारी जी वाट हे औषध अडवतं, तसलीच वाट डोळ्याच्या पडद्यातही आहे. अभ्यासात शंभरातल्या चौदा-पंधरा जणांना हे दिसलं होतं, म्हणून तर माहितीपत्रकात छापलंय. तेवढं ऐकून सासूबाईंचा चेहराच बदलला.

शाहूपुरीकर, आबांची नाडी मोजली का? दोन दिवस झाले.

शाहूपुरी_चौथी_गल्ली · शुक्रवार, रात्री ११.४०

उशीर झाला, माफ करा. मंगळवारीच मोजली. पहिल्यांदा ४३. मला वाटलं चुकलं, परत मोजली, ४४. मधे एकदा इतका वेळ ठोका आलाच नाही की मी आबांच्या तोंडाकडे बघितलं. तडक हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. ईसीजी, दिवसभर निरीक्षण. त्यांनी विचारलं, "डोळ्यात काय घालता?" दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा निघाला. आम्हीही कधी सांगितलं नव्हतं, थेंबाला आम्ही औषधात धरतच नव्हतो.

मग दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले. टिमोलॉल बंद करून रात्री एकदाच घालायचा दुसऱ्या जातीचा थेंब दिला. मेटोप्रोलॉल थोडं कमी केलं. दोन आठवड्यांनी डोळ्याचं प्रेशर तपासायचं.

आणि फाईलवाली ताई, तुलनेचा भाग दोनदा वाचला. पान ६ वर आहे: एका गटाला नवं औषध, दुसऱ्या गटाला टिमोलॉल. कुणाच्या वाट्याला काय हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

फाईलवाली · शनिवार, सकाळी ८.०५

काचबिंदूच्या कितीतरी चाचण्यांत तुलना टिमोलॉलशीच असते, जुनं आणि पारखलेलं म्हणून. पान ९ वरचं वाक्य त्यासाठीच होतं. ठोके मंद असलेल्यांना या अभ्यासात घेत नाहीत. पहिल्या भेटीत नाडी आणि ईसीजी बघूनच आबांना थांबवलं असतं. तरी तुम्ही आधी बघितलंत हे फार बरं झालं.

शाहूपुरी_चौथी_गल्ली · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९.१५

धागा वर आणतोय, कारण काहींनी निरोप पाठवून विचारलं.

अभ्यासात आबा बसत नाहीत, तसं त्यांनी कळवलं. आबा दोन दिवस नाराज होते. आईला म्हणाले, "बघ, प्रयोगालासुद्धा घेतलं नाही." आता त्यांनी बागेतल्या कट्ट्यावर वेगळंच काम काढलंय. तिथल्या दोघांना काचबिंदू आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं तीन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही, हे डॉक्टरांनी शिकवलेलं ते त्यांना करून दाखवतात. एकाला दम्याचा पंप आहे आणि थेंब टिमोलॉलचे. त्याची बाटली आबा स्वतः घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्याला सोबत घेऊन. त्याचेही थेंब बदलले.

गुऱ्हाळघर · रविवार, सकाळी ९.४०

आबांना शिरोळला पाठवा, नव्या गुळाची ढेप काढून ठेवतो. प्रत त्यांनीच सांगायची.

आडवा_प्रश्न · रविवार, सकाळी १०.०२

डोळ्याचं प्रेशर किती आलं? आणि जिना?

शाहूपुरी_चौथी_गल्ली · रविवार, सकाळी १०.१०

प्रेशर १६. जिना न थांबता चढतात. नाडी आज ६४, पूर्ण मिनिट मोजून.